अमेरिकन पासपोर्ट आणि अब्बांचे दुकान

बँकेत नवीन खाते उघडताना किंवा जुन्या खात्याची कागदपत्रे नव्याने देताना हल्ली एक जादा कागद पुढे येतो. आपला जन्म कोणत्या देशात झाला, भारताबाहेर आपण कोठे कर भरता काय, आपण अमेरिकेचे नागरिक आहात काय, असे प्रश्न त्यात असतात. जळगावच्या दाणा बाजारातील किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील आपला व्यापारी हा कागद सहसा वाचत नाही. क्लार्क जेथे बोट ठेवील तेथे सही करतो आणि मोकळा होतो. बहुतेकांचे त्यामुळे काही बिघडतही नाही. परंतु ज्या घरचा मुलगा पंधरा-वीस वर्षे न्यू जर्सी, शिकागो किंवा टेक्सासला राहून अमेरिकन पासपोर्ट घेऊन परत आला आहे, किंवा ज्या घरातील नातवाचा जन्म तिकडे झाला आहे, त्या घराने हा कागद दोनदा वाचावयास हवा.

एके काळी खानदेशात अमेरिकन माणूस म्हणजे मिशनचा पाद्री. भुसावळ, नंदुरबार, नवापूर या बाजूला त्यांचे बंगले व दवाखाने असत. आता अमेरिकन माणूस आपल्याच दस्तरखानावर बसलेला असतो. कोणी म्हाताऱ्या आईवडिलांसाठी परत येतो, कोणी कंपनीने काढल्यामुळे येतो, तर कोणाला मुलींचे शिक्षण येथे व्हावे असे वाटते. आल्यावर वडील त्याला पहिली गोष्ट कोणती सांगतात? "बेटा, दुकान आता तू सांभाळ. बँकेत तुझी सही देऊन टाकू." या एका वाक्यातून किती कागद निर्माण होतात याची वडिलांनाही कल्पना नसते आणि बेट्यालाही नसते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आखाती देशांचा अनुभव येथे उपयोगी नाही

आपल्या समाजाला परदेशाचा अनुभव आहे तो मुख्यतः सौदी, कुवेत, दुबईचा. तेथे पगारावर प्राप्तिकर नाही. माणूस परत आला की त्या देशाचा आणि त्याचा हिशेब संपला. आपला भारतीय कायदाही ढोबळमानाने राहण्यावर चालतो. वर्षात १८२ दिवस येथे राहिलात तर तुम्ही निवासी, आणि निवासी झालात की जगभरच्या उत्पन्नावर कर. त्यातही परत येणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षे परदेशातील उत्पन्नाबाबत सवलत मिळू शकते. २०२० साली सरकारने एक बदल केला. भारतातून १५ लाखांपेक्षा जास्त उत्पन्न असलेला आणि कोणत्याच देशात कर न भरणारा भारतीय नागरिक निवासी मानला जाऊ लागला. तरीही त्याच्या परदेशातील पगारावर भारत कर घेत नाही.

अमेरिकेचे गणित अगदी निराळे आहे. ती राहण्यावर नव्हे, तर नागरिकत्वावर कर लावते. तिचा नागरिक रावेरला राहो की शिरपूरला, तो अमेरिकेचा करदाताच असतो. जगात असा कर लावणारा दुसरा देश म्हणून एरिट्रियाचेच नाव घेतले जाते. ही पद्धत त्यांच्या यादवी युद्धाच्या काळातील, म्हणजे १८६० नंतरची आहे. १९२४ साली मेक्सिको शहरात कायम राहणाऱ्या कुक नावाच्या अमेरिकन नागरिकाने तक्रार केली की, मी तेथे राहत नाही, माझी मालमत्ता तेथे नाही, मग कर कसला? तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. त्यानंतर शंभर वर्षे झाली, कायदा तोच आहे.

ग्रीन कार्डवाल्यांनीही आपण यातून सुटलो असे समजू नये. कपाटात पडून असलेले, मुदत संपलेले ग्रीन कार्ड म्हणजे सोडलेले ग्रीन कार्ड नव्हे. ते रीतसर परत करेपर्यंत कराची जबाबदारी सहसा चालू राहते. आणि तेथे जन्मलेले मूल? आईवडील दोघेही भारतीय असोत, दोन वर्षांचे असताना मूल जळगावला आलेले असो, त्याच्या जवळ पासपोर्ट आहे म्हणजे ते अमेरिकेचे नागरिक आहे. आपण त्याचे ओसीआय कार्ड काढतो आणि सगळे झाले असे मानतो. ओसीआय हे नागरिकत्व नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तेव्हा आजोबांनी मोठ्या हौसेने नातवाच्या नावे खाते उघडून दहा-बारा लाख टाकले, तर त्या सात वर्षांच्या नातवाला अमेरिकेच्या अर्थखात्याकडे दरवर्षी एक फॉर्म भरावा लागतो. सही अर्थातच आईवडिलांनी करावयाची.

खात्यावरची सही

हा फॉर्म तेथे 'एफबार' या नावाने ओळखला जातो. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील शिलकीची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खात्याची माहिती त्यात द्यावयाची. येथे आपल्या वाचकांचा एक खास गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्यातील पुष्कळ व्यापारी व्याज नको म्हणून पैसा चालू खात्यातच ठेवतात. व्याजच नाही तर उत्पन्न नाही, उत्पन्न नाही तर फॉर्म कशाला, असा त्यांचा साधा हिशेब असतो. परंतु हा फॉर्म उत्पन्नाचा नाही, शिलकीचा आहे. व्याज शून्य असले तरी तो भरावाच लागतो. पतसंस्थेतील ठेवही त्यात धरावी लागते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. पैसा आपला असावा लागतो असेही नाही. खात्यावर सहीचा अधिकार असला तरी पुरे. समजा, धुळ्यातील एका यंत्रमागधारकाने सुताचे पैसे वेळेवर देता यावेत म्हणून परत आलेल्या मुलाची सही फर्मच्या खात्यावर घेतली. मुलाचा त्या फर्ममध्ये एक पैसा नाही. कापडाचे पेमेंट आले आणि सूत व्यापाऱ्याला गेले, एवढ्यात खात्यात दोन दिवस वीस लाख राहिले. मुलावर फॉर्म भरण्याची जबाबदारी आली. वडिलांचा मुखत्यार म्हणून खाते चालविण्याचा अधिकार घेतला असेल, तरी तीच गत. दालमिलवाल्याच्या, केळीच्या व्यापाऱ्याच्या किंवा चटईच्या कारखानदाराच्या खात्यात दहा हजार डॉलरची मर्यादा हंगामात केव्हा ओलांडली गेली हे कळतही नाही.

हा फॉर्म भरावयास एक रुपया लागत नाही आणि त्यावर करही नाही. म्हणूनच लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. न भरल्याचा दंड मात्र मूळ कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत आहे व महागाईप्रमाणे तो वाढत असतो. जाणूनबुजून लपविले तर तो याच्या कितीतरी पटीने जातो. रुमानियात जन्मलेले बिटनर नावाचे एक गृहस्थ अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९९० साली मायदेशी परतून तेथे धंदा करू लागले. असा काही फॉर्म असतो हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. पाच वर्षांतील २७२ खात्यांच्या नोंदी धरून सरकारने त्यांच्याकडे २७ लाख २० हजार डॉलर दंड मागितला. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की दंड खात्यागणिक नव्हे, वर्षाच्या फॉर्मागणिक धरावा. दंड ५०,००० डॉलरवर आला. तो माणूस मायदेशी परतलेला व्यापारीच होता, हे आपण ध्यानात ठेवावे.

आणि हे त्यांना कळते कसे, असे कोणी विचारील. २०१५ च्या जुलै महिन्यात भारत व अमेरिका यांच्यात करार झाला. त्यानुसार बँका अमेरिकन नागरिकांच्या खात्यांची माहिती आपल्या प्राप्तिकर खात्याला देतात आणि तेथून ती तिकडे जाते. सुरुवातीला सांगितलेला कागद याच करारातून आलेला आहे. त्यावर खोटे लिहून सुटका होत नाही. उलट, चूक होती ती लबाडी ठरते.

मालक, भागीदार की नोकर?

आता खऱ्या कराकडे वळू. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या नागरिकाला स्वतःच्या कमाईवर मोठी सूट आहे. २०२५ या वर्षासाठी ती १,३०,००० डॉलरपर्यंत आहे. हा आकडा ऐकला की आपली मंडळी निश्चिंत होतात. मात्र सूट आपोआप मिळत नाही, विवरणपत्र भरून मागावी लागते. त्यासाठी बारा महिन्यांत ३३० दिवस अमेरिकेबाहेर राहिल्याचे किंवा परदेशात कायम वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. दुसरे असे की, ही सूट श्रमाच्या कमाईला आहे. भाडे, नफा, व्याज, लाभांश यांना ती नाही.

कारागीर आणि दुकानदार यांच्यात येथे जो फरक पडतो तो आपल्याकडील सल्लागारही क्वचित सांगतात. जो हाताच्या कसबावर कमावतो, म्हणजे शिंपी, दुरुस्तीवाला, नक्षीकाम करणारा, त्याची जवळजवळ सगळी कमाई श्रमाची मानली जाते. परंतु ज्या धंद्यात माल आणि भांडवल यांचा मोठा वाटा असतो, तेथे निव्वळ नफ्यापैकी जास्तीत जास्त ३० टक्केच श्रमाची कमाई धरली जाते. म्हणजे कापडाच्या किंवा किराण्याच्या दुकानाचा मालक असलेल्या अमेरिकन मुलाला ती मोठी सूट नफ्याच्या तिसऱ्या हिश्शालाही लागू होत नाही.

तरीही लहान दुकानाला प्राप्तिकर फारसा बसणार नाही, कारण तेथील सर्वसाधारण वजावट आहे. बसतो तो दुसराच कर. अमेरिकेत स्वतःचा धंदा करणाऱ्याला सामाजिक सुरक्षेपोटी १५.३ टक्के भरावे लागतात आणि वर सांगितलेली कमाईची सूट याला लागू नाही. वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर झाला की हा कर सुरू. उदाहरण घेऊ. परत आलेल्या मुलाच्या नावाने दुकान केले आणि वर्षाचा निव्वळ नफा १२ लाख रुपये झाला. २०२५-२६ पासून भारतात नव्या पद्धतीने निवासी माणसाला १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर लागत नाही. म्हणजे आपल्या सरकारला शून्य. अमेरिकेला मात्र सुमारे १ लाख ७० हजार रुपये! फुले मार्केटमधील दुकानाने वॉशिंग्टनच्या पेन्शन फंडात दरवर्षी एवढी भर टाकावयाची.

ज्या देशांशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तेथील लोकांना हा दुहेरी भार पडत नाही. असे सुमारे तीस देश आहेत. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया त्यात आहेत. भारत नाही. भारत सरकारने ही मागणी अनेक वर्षे केलेली आहे, परंतु तिला अद्याप यश आलेले नाही. १९८९ साली उभय देशांत झालेला दुहेरी कर टाळण्याचा करार प्राप्तिकरापुरता आहे, तो या कामी येत नाही. माझ्या मते आपल्या खासदारांनी दिल्लीत विचारावयाचा प्रश्न हाच आहे. व्हिसाच्या प्रश्नावर जेवढा गाजावाजा होतो त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी यावर झाला तरी पुष्कळ काम होईल.

तोवर घरात काय करता येईल? दुकान वडिलांच्या किंवा येथील भावाच्या नावावर राहू द्यावे आणि परतलेल्या मुलाला पगार द्यावा. भारतीय मालकाकडील पगारावर तो १५.३ टक्क्यांचा कर नाही आणि सगळा पगार श्रमाची कमाई असल्याने मोठ्या सुटीत बसतो. मात्र हा पगार वहीतला देखावा असता कामा नये. दरमहा बँकेतून जावा, कामाच्या मानाने योग्य असावा, हजेरी आणि पगारपत्रक असावे. पुष्कळ वडिलांना हे पटत नाही. "मुलगा नोकर कसा? तो तर मालक!" हे म्हणणे भावनेने बरोबर आहे. परंतु भावनेपायी दरसाल पावणेदोन लाख द्यावयाचे की नाही, हे कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. भागीदार केले तरी भागीदाराच्या नफ्यावर तोच कर आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून त्यात मुलाचा मोठा हिस्सा ठेवला, तर स्वतंत्र फॉर्म लागतात. त्यांतील एक चुकला तरी १०,००० डॉलर दंडाची तरतूद आहे, आणि तो भरून देणारा माणूस खानदेशात शोधून सापडणे कठीण.

येथे एक विचित्र गोष्ट सांगून पुढे जातो. अमेरिकन मुलाची पत्नी जर भारतीय नागरिक असेल आणि तो विवाहित म्हणून वेगळे विवरणपत्र भरीत असेल, तर विवरणपत्र भरण्याची मर्यादा आहे वर्षाला ५ डॉलर. हजार नव्हे, पाच. म्हणजे "माझे उत्पन्नच नाही" ही सबब त्याच्या कामाची नाही.

शेती, सोने, फंड

भारतात शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. यावल-रावेरच्या केळीवर किंवा धुळे तालुक्यातील कपाशीवर आपण कधी प्राप्तिकर भरलेला नाही. त्यामुळे शेतीचे पैसे म्हणजे कोणालाच न दाखवावयाचे पैसे, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. अमेरिकेला ती मान्य नाही. तिच्या नागरिकाच्या नावावर सातबारा असेल, तर मक्त्याचे किंवा पिकाचे उत्पन्न तेथे दाखवावे लागते. भारतात कर भरलेला असेल तर त्याची वजावट तेथे मिळते. येथे भरलेलाच नसेल तर वजावट कशाची? आपली सवलत अशी त्यांच्या खजिन्यात जाते. परदेशी नागरिक झालेल्याला येथे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र येऊ शकते, हेही त्याच्याबरोबर लक्षात असू द्यावे. एनआरई खात्याचे आणि पीपीएफचे व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही.

म्युच्युअल फंडाची गोष्ट तर आणखी किचकट. भारतातील सगळे फंड अमेरिका एका विशेष वर्गात टाकते. त्यांचा हिशेब निराळा, फॉर्म निराळा आणि कर बहुधा जबर. शरीअतच्या निकषांना धरून चालतात म्हणून आपले बांधव ज्यांत पैसे ठेवतात ते टाटा एथिकलसारखे फंडही त्यातून सुटत नाहीत. अमेरिकन मुलाच्या नावाने फंड घेऊ नये, एवढेच येथे सांगतो.

जळगावच्या सोन्याचे काय? घरात किंवा लॉकरमध्ये स्वतःजवळ ठेवलेले दागिने एफबारमध्ये दाखवावे लागत नाहीत. विकून नफा झाला तर मात्र तो दाखवावयाचा, आणि त्यावरील दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. स्वतःच्या नावावर थेट असलेले घरही खाते नसल्यामुळे त्या फॉर्ममध्ये येत नाही. त्याचे भाडे मात्र उत्पन्नात येते.

जकातीबद्दल हमखास विचारले जाते म्हणून लिहितो. येथील मदरशाला, यतीमखान्याला किंवा गरजू नातेवाईकांना दिलेल्या जकातीची वजावट अमेरिकेच्या विवरणपत्रात मिळत नाही. ती तेथे नोंदलेल्या संस्थेलाच दिलेली असावी लागते. जकात द्यावयाची ती वजावटीसाठी नव्हे, हे खरेच. पण विवरणपत्रात चुकीने टाकली तर पुढे उत्तर द्यावे लागेल. अशा घरात तीन वर्षे एकाच वेळी चालतात. जकातीचे चांद्र वर्ष, भारताचे एप्रिल ते मार्च आणि अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर. मुनीमजींनी बँकेच्या उताऱ्याची एक प्रत डिसेंबरअखेरची काढून ठेवली, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

बहिणीचा हिस्सा

वडिलांचे डोळे मिटताच शरीअतप्रमाणे प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. वाटणी दहा वर्षांनी झाली तरी मालकी त्या दिवसापासूनची. समजा, देवपुरातील इमारतीत शिकागोच्या बहिणीचा हिस्सा आहे आणि भाडे थोरला भाऊ वसूल करतो. भावाने तिला पैसे पाठविले नाहीत, तरी तिच्या वाट्याचे भाडे हे तिचे उत्पन्न आहे. अमेरिकेच्या दृष्टीने असो वा आपल्या, भाऊ ते स्वतःचे म्हणून दाखवू शकत नाही. वारसाने मिळालेल्या मालमत्तेवर अमेरिका तिच्याकडून कर घेत नाही. मात्र एका वर्षात मिळालेल्याची किंमत १ लाख डॉलरच्या वर गेली तर वेगळा फॉर्म द्यावा लागतो, आणि तो राहिला तर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आपल्याकडे सर्रास चालणारी हक्कसोडपत्राची रीत येथे अंगाशी येऊ शकते. बहीण सुट्टीत येते, भाऊ कागद पुढे करतो, ती रडत वा हसत सही करते. अमेरिकेच्या कायद्यात ही भावाला दिलेली देणगी ठरू शकते, आणि २०२५ साली एका माणसाला १९,००० डॉलरच्या वर देणगी दिली तर तिचे विवरणपत्र लागते. मला विचाराल तर बहिणीचा हिस्सा तिला द्यावा आणि कागद सरळ ठेवावेत. तिचा हक्क आहे हे एक, आणि हिशेबही त्यात सोपा आहे.

वडिलांचे निधन झाले की लवकरात लवकर सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून घर-दुकानाचे त्या तारखेचे मूल्यांकन करून घ्यावे. पुढे विक्री झाली तर अमेरिका नफा मोजताना त्या तारखेची किंमत मूळ किंमत म्हणून धरते. भारतात तसे नाही. येथे वडिलांनी घेतलेली किंमत धरली जाते, किंवा मालमत्ता फार जुनी असल्यास १ एप्रिल २००१ ची. मूल्यांकनाला काही हजार रुपये लागतात, आणि पंधरा वर्षांनी ते करावयास गेलात तर दर सांगणारा कोणी उरत नाही.

विकत घेणाऱ्यांनीही सावध असावे, कारण हा मुद्दा ज्यांच्या घरात कोणीच अमेरिकन नाही त्यांनाही लागू आहे. अनिवासी माणसाकडून घर किंवा दुकान घेतले, तर नेहमीची एक टक्का टीडीएसची सवय तेथे चालत नाही. कर कापून सरकारला भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के व त्यावर अधिभार असा दर आहे. विकणाऱ्याने आधी प्राप्तिकर खात्याकडून दाखला आणला नसेल, तर पूर्ण विक्री किमतीवर कापण्याची वेळ येते. न कापता शेजारधर्माने पूर्ण रक्कम दिली आणि विकणारा विमानात बसला, की खाते नोटीस तुम्हाला पाठविते. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असून कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, म्हणून येथे क्रमांक दिले नाहीत. सौदा करण्यापूर्वी चार्टर्ड अकौंटंटला विचारावे.

तिकडून रोखीने पैसे पाठविणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेने एक टक्का कर बसविला आहे. बँक खात्यातून पाठविल्यास तो लागत नाही.

मागचे राहिले असेल तर

पुष्कळांचे राहिलेलेच असेल. परत येऊन आठ वर्षे झाली, एकही विवरणपत्र नाही, अशी स्थिती असलेला माणूस हे वाचून घाबरेल आणि पुढेही गप्प बसावे असे ठरवील. तसे करू नये. ज्यांनी अजाणतेपणी भरले नाही त्यांच्यासाठी अमेरिकेने एक सुलभ मार्ग ठेवला आहे. मागील तीन वर्षांची विवरणपत्रे आणि सहा वर्षांचे एफबार भरावयाचे, आपण जाणूनबुजून केले नाही असे लिहून द्यावयाचे. परदेशात राहणाऱ्याला दंड नाही, कर निघत असेल तो आणि त्यावरचे व्याज तेवढे द्यावे लागते. मात्र त्यांची चौकशी सुरू होण्यापूर्वी हे व्हावयास हवे, नंतर दार बंद होते. २०१५ च्या कायद्याने मोठी करबाकी असणाऱ्याचा पासपोर्टही अडविता येतो. आणि नागरिकत्वच सोडून देऊ म्हणाल, तर ते सोडतानाही मागील पाच वर्षांचे कर नीट भरल्याचे लिहून द्यावे लागते.

हा कायदा न्याय्य आहे काय? माझ्या मते नाही. जो माणूस त्यांचे रस्ते वापरीत नाही, त्यांच्या शाळेत मुले पाठवीत नाही, त्याच्याकडून मेहरूणमधील दुकानाच्या नफ्यावर वाटा मागणे पटण्यासारखे नाही. खुद्द अमेरिकेबाहेर राहणारे त्यांचे नागरिक तेच म्हणत आलेले आहेत. पण पासपोर्ट घेताना मुलाने त्या देशाचे कायदे पाळण्याची शपथ घेतलेली आहे. दिलेला शब्द पाळून मग तक्रार करणे वेगळे, आणि अब्बांच्या नावाआड लपणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अडकतात ते अब्बाही.

अडचण आहे ती सल्ल्याची. आपले चार्टर्ड अकौंटंट भारतीय कायद्यात पारंगत आहेत, अमेरिकेच्या फॉर्मशी त्यांचा संबंध येत नाही आणि मुंबई-पुण्याचे जाणकार एका घराकडून मोठी फी घेतात. जळगाव-धुळ्यातील चार-सहा कुटुंबांनी मिळून एकच जाणकार धरला, तर खर्च विभागला जाईल. तेथील सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन काम करणारे परवानाधारक सल्लागार असतात, भारतात बसूनही ती परीक्षा देता येते. आपल्या वाणिज्य शाखेच्या मुला-मुलींनी याकडे धंदा म्हणून पाहावे.

विवरणपत्राची तारीख १५ एप्रिल आहे, परदेशात राहणाऱ्याला १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते. कर निघत असेल तर व्याज मात्र एप्रिलपासूनच धरतात. एफबारला १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ असतो. दुकानाच्या खात्यावरील मुलाची सही काढून टाकण्यासाठी बँकेत एक अर्ज पुरतो. मात्र सही होती त्या वर्षांचा फॉर्म त्यामुळे माफ होत नाही. तेव्हा अर्ज देताना त्याच खिडकीवर मागील सहा वर्षांचे उतारेही मागून घ्यावेत.